रजोनिवृत्तिकाळातील अस्थिघनता परीक्षण : शिबिरातील आकडा आणि चिकित्सालयातील निर्णय

रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांची अस्थिघनता मोजून देणारी मोफत शिबिरे आता आपल्या व्यवसायबंधूंना नवी राहिलेली नाहीत. शीळफाटा, दिवा, मुंब्रा, काटई ते डोंबिवली या पट्ट्यात औषधी दुकानाच्या पायरीवर, गृहसंकुलाच्या सभागृहात वा वैद्याच्या प्रतीक्षाकक्षात टाचेला लावावयाचे एक लहानसे यंत्र येते. पाचेक मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर पडते आणि तिच्यावर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग असतो. शिबिर बहुधा कॅल्शियमच्या गोळ्या अथवा अस्थिपोषक कल्प विकणाऱ्यांच्या प्रतिनिधीने आणलेले असते. पुढील आठवडाभर त्या पट्ट्या घेऊन रुग्णा आमच्यासमोर येतात. पिवळ्या रंगाची स्त्री घाबरलेली असते, हिरव्या रंगाची निर्धास्त. आमच्या मते या दोघींपैकी अधिक काळजी पुष्कळदा दुसरीचीच करावी लागते. ते का, आणि वैद्याने अशा वेळी नेमके काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

टाचेचे यंत्र काय मोजते?

शिबिरातील यंत्र ध्वनिलहरींवर चालते. टाचेच्या अस्थीतून लहरी किती वेगाने जातात व किती क्षीण होतात यावरून ते एक आकडा काढते. यात क्ष-किरण नसतात, यंत्र उचलून नेता येते व खर्च कमी असतो, म्हणून ते शिबिरास सोयीचे. मात्र ते अस्थीतील खनिजाची घनता प्रत्यक्ष मोजत नाही. पायावर सूज असणे, टाच नीट न बसणे, जेल कमी लावणे, इतकेच काय पण पाय थंड असणे यानेही आकड्यात फरक पडतो. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ताडता येत नाही.

खरा घोटाळा त्या पट्टीवरील ‘टी-स्कोअर’ या शब्दाने होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये जी मर्यादा ठरविली, म्हणजे उणे १ पर्यंत प्राकृत, उणे १ ते उणे २.५ दरम्यान अल्प घनता आणि उणे २.५ व त्याखाली अस्थिसौषिर्य, ती डेक्सा या क्ष-किरण परीक्षणात कटीचे मणके, मांडीच्या अस्थीचा वरचा भाग किंवा अग्रबाहू येथे मिळालेल्या आकड्यांना लागू आहे. टाचेवरील ध्वनिलहरींच्या आकड्याला ती लावता येत नाही. शब्द एकच असला तरी मापे दोन आहेत. ६५ वर्षांवरील स्त्रियांत टाचेच्या परीक्षणावरून अस्थिभंगाचा संभव काही अंशी वर्तविता येतो, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्यावरून निदान करणे, औषध सुरू करणे किंवा सहा महिन्यांनी पुन्हा टाच मोजून ‘आमच्या कल्पाने घनता वाढली’ असे सांगणे शास्त्रसंमत नाही. चिकित्सेचा परिणाम मोजण्यासाठी हे यंत्र वापरू नये, असाच या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेचा संकेत आहे.

हिरव्या पट्टीच्या एका रुग्णेचे उदाहरण पुरेसे ठरेल. देसाई गावाकडील त्रेसष्ट वर्षांची कृश स्त्री. रिक्षा खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून पाठीत, जेथे छातीचे मणके संपून कटीचे सुरू होतात तेथे, वेदना. तीन आठवडे वेदनाशामक गोळ्या आणि मलम चालू होते. घरच्यांचे म्हणणे एकच, की हाडे उत्तम आहेत, शिबिरात तपासली आहेत. क्ष-किरण चित्रात पहिला कटिकशेरुक पुढील बाजूने पाचरीसारखा दबलेला आढळला. एवढ्याशा आघाताने मणका दबतो तेव्हा अस्थिदौर्बल्य सिद्धच झालेले असते, मग टाचेचा आकडा काही का असेना.

शास्त्रदृष्टी

दोष व धातू यांच्या आश्रयाश्रयी संबंधात अस्थी व वात यांचे नाते इतरांहून विपरीत आहे, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. अन्यत्र आश्रित दोष वाढला की आश्रय धातूही वाढतो. येथे वात वाढला की अस्थी क्षीण होते. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात हे स्पष्ट केले आहे. वयाच्या उत्तरार्धात वाताचे प्राबल्य आणि पन्नाशीच्या सुमारास आर्तवाचा उपरम, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की अस्थिधातूवर काय ओढवते ते सांगावयास नको. केस व नखे झडणे, दातांचे शैथिल्य, सांधे शिथिल होणे, श्रम ही अस्थिक्षयाची लक्षणे चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात दिली आहेत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ‘सौषिर्य’ हा शब्द वाग्भट अस्थिक्षयात नव्हे तर मज्जाक्षयात योजतात, आणि चरकही अस्थींचे दौर्बल्य व लाघव मज्जाक्षयातच सांगतात. म्हणजे ज्याला आपण आज सर्रास अस्थिक्षय म्हणतो त्यात दोन धातूंचा विचार अभिप्रेत आहे.

आधुनिक निरीक्षणे या वर्णनाशी जुळतात. अमेरिकेत रजोनिवृत्तीमधून जाणाऱ्या स्त्रियांचा जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधी घनतेचा ऱ्हास वेग घेतो आणि नंतर दोन वर्षांनी तो मंदावतो. दहा वर्षांत कटीच्या मणक्यांची घनता सुमारे १०.६ टक्क्यांनी घटली, पैकी ७ टक्क्यांहून अधिक घट या तीन वर्षांतील होती. पाळी अनियमित झालेली स्त्री आमच्याकडे बहुधा दाह, निद्रानाश वा अतिरज:स्राव यासाठी येते. तिची अस्थी त्याच काळात झिजत असते आणि तिला त्याची वेदना नसते.

विचारावयाचे प्रश्न आणि मोजावयाची दोन मापे

मग पाळी अनियमित झालेल्या प्रत्येकीस डेक्सासाठी पाठवावे काय? नाही. निरोगी, सुपोषित, कोणतेही जोखमीचे कारण नसलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या स्त्रीला या परीक्षणाचा लाभ नाही. ६५ वर्षांवरील सर्व स्त्रिया, आणि त्याआधी रजोनिवृत्त झालेल्यांपैकी ज्यांच्यात जोखीम आहे त्या, एवढ्यांना पाठवावे असा सर्वसाधारण संकेत आहे. जोखीम ओळखणे हे काम यंत्राचे नाही, चिकित्सकाचे आहे. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मनगट, मणका वा खुबा मोडला होता का? आईचा खुबा मोडला होता का? पाळी पंचेचाळिशीपूर्वी गेली का? तीन महिने वा अधिक काळ स्टेरॉइड पोटात गेले का? आमवात, थायरॉइडची अधिक मात्रा, अपस्माराची दीर्घकाळ औषधे, दीर्घ अतिसार यांपैकी काही आहे का?

यातील एका प्रश्नावर आम्ही मुद्दाम रेंगाळतो. ‘पाळी कधी गेली?’ या प्रश्नास ‘पिशवी काढली आहे’ असे उत्तर आले तर तेथे थांबू नये. बीजकोशही काढले का, हे शस्त्रक्रियेचे कागद मागवून पाहावे. चाळिशीपूर्वी दोन्ही बीजकोश निघाले असतील तर त्या स्त्रीच्या अस्थी पन्नाशीला येईपर्यंत दहा-बारा वर्षे रजोनिवृत्तीनंतरचे आयुष्य जगलेल्या असतात. बीजकोश राखले असले तरी पाळीची खूण नाहीशी झाल्याने रजोनिवृत्ती केव्हा झाली ते कळत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न किती मोठा आहे ते बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ मध्ये उघड झाले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले आणि त्यांत अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्या वेळी चर्चा झाली ती शस्त्रक्रियांच्या योग्यायोग्यतेची, आणि ती व्हावयासच हवी होती. त्यांच्या अस्थींचे पुढे काय, हा प्रश्न मात्र वृत्तपत्रांतून फारसा विचारला गेला नाही. मराठवाड्यातून कामासाठी आलेली कुटुंबे ठाणे जिल्ह्यातही आहेत. बांधकामावर वा धुण्याभांड्यांच्या कामावर असलेली बेचाळीस वर्षांची स्त्री ‘कंबर दुखते’ म्हणून समोर बसते, तेव्हा हा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

आता दोन मापे. पहिले वजन. वजनातून वय वजा करून येणाऱ्या संख्येला ०.२ ने गुणावे. उत्तर उणे १ पेक्षा अधिक असेल तर जोखीम अल्प, उणे १ ते उणे ४ असेल तर मध्यम, उणे ४ च्याही खाली गेल्यास अधिक. आशियाई स्त्रियांसाठी २००१ मध्ये मांडलेले हे सूत्र आहे. बासष्ट वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे उत्तर उणे ३.४ येते, तिला डेक्सासाठी पाठविणे योग्य. बाहत्तर वर्षांच्या, ४४ किलोच्या स्त्रीचे उणे ५.६ येते, तेथे विलंब नको. हे सूत्र मूळ ज्या देशांतील स्त्रियांवर बांधले गेले त्यांत भारत नाही, आणि ते बीजकोश, स्टेरॉइड वा पूर्वीचा अस्थिभंग विचारत नाही. सत्तर किलो वजनाच्या, पण पस्तिशीत बीजकोश काढलेल्या स्त्रीला ते ‘अल्प जोखीम’ म्हणून सोडून देईल. म्हणून ते प्रश्नांच्या जोडीने वापरावे, त्यांच्या जागी नव्हे.

दुसरे माप उंची. तरुणपणीच्या उंचीहून चार सेंटिमीटर वा अधिक घट झाली असेल तर मणका दबल्याचा संशय घ्यावा व पाठीचे क्ष-किरण चित्र काढावे. तरुणपणीची उंची बहुतेकींना ठाऊक नसते. अशा वेळी आम्ही विचारतो : वरच्या फळीवरचा डबा पूर्वीसारखा हाताला येतो का? साडी नेसताना कमरेशी अधिक खोचावी लागते का? भिंतीला टाचा व पाठ टेकवून उभे राहिल्यास डोके भिंतीस टेकते का? शेवटची बरगडी व श्रोणीची कड यांत दोन बोटांहून कमी अंतर उरले असेल तर तेही लक्षण समजावे. भिंतीवर चिकटविलेली मोजपट्टी आणि वजनकाटा एवढ्यावर हे परीक्षण होते. प्रत्येक चाळिशीवरील स्त्रीच्या रुग्णपत्रिकेवर उंची दर वर्षी लिहिली जावी असा आमचा आग्रह आहे. पुढे दोन सेंटिमीटरची घट दिसली की ती नोंदच बोलू लागते.

डेक्साचा अहवाल हाती आल्यावर

प्रथम पाहावे की रजोनिवृत्त स्त्रीसाठी टी-स्कोअर आणि ज्यांची पाळी नियमित आहे अशा तरुण स्त्रीसाठी झेड-स्कोअर वापरला आहे. नंतर पाहावे की तुलनेसाठी कोणत्या लोकसमूहाचे प्रमाण घेतले आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०१० मध्ये भारतीयांसाठी प्रमाणे प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य प्रमाणांवर ज्या स्त्रीस अस्थिसौषिर्य ठरते ती भारतीय प्रमाणावर अल्प घनतेत येऊ शकते. दोन केंद्रांतील दोन अहवालांत तफावत दिसली तर अस्थी सुधारली वा बिघडली असे समजण्यापूर्वी ही ओळ वाचावी. फेरतपासणी शक्यतो त्याच यंत्रावर आणि एक-दोन वर्षांच्या अंतरानेच करावी.

कटीच्या मणक्यांत वार्धक्याने अस्थिवृद्धी झाली असेल किंवा महाधमनीत चुना साचला असेल तर तेथील आकडा खोटा चांगला येतो, तेव्हा खुब्याचा आकडा प्रमाण मानावा. आपल्या व्यवसायाशी संबंधित एक सूचना येथे देणे अगत्याचे वाटते. परीक्षणापूर्वी चोवीस तास कॅल्शियमच्या गोळ्या बंद ठेवण्यास सांगतात, कारण न विरलेली गोळी आतड्यात मणक्यासमोर आली तर घनता वाढलेली दिसते. शंखभस्म, प्रवाळ, मुक्ताशुक्ती यांच्या वट्यांनाही हाच नियम लावावा. बेरियमची तपासणी झाली असल्यास डेक्सा पुढे ढकलावी.

यापुढची गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. घनता कमी म्हणजे प्रत्येक वेळी अस्थिसौषिर्य नव्हे. ड जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावाने अस्थी मृदू होते तेव्हाही डेक्साचा आकडा कमीच येतो. दिवा-मुंब्र्याच्या दाटीत, एकमेकींना चिकटलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, अंगावर ऊन न पडता वर्षे जातात. शीळ, डायघर, खिडकाळीच्या आगरी घरांतील ज्या आजीबाई भातशेतीत उन्हात वाकल्या, त्यांच्या सुना आता सदनिकेत राहतात. अशा स्त्रीला हाडांवर दाबल्यास दुखते, उकिडवे बसून उठता येत नाही, चाल बदकासारखी होते. अस्थिसौषिर्यात अस्थिभंग होईपर्यंत वेदना नसते, हा भेद ध्यानी ठेवावा. सीरम कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि रक्ताची सामान्य तपासणी झाल्याविना कमी घनतेवर शिक्का मारू नये. तीव्र पांडु आणि पाठदुखी एकत्र असल्यास मज्जागत अर्बुदाचाही विचार करावा.

आहार, कल्प आणि दुकानातील काउंटर

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज १००० मिलिग्रॅम व रजोनिवृत्त स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपल्या कल्पांचा हिशेब या आकड्यासमोर मांडून पाहावा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते. मुक्ताशुक्ती, प्रवाळ, शंख, कपर्दिका हे मुख्यत्वे तेच द्रव्य. म्हणजे २५० मिलिग्रॅमची एक मात्रा फार तर १०० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. पित्तशमन, दीपन इत्यादी कार्मुकत्व वेगळे आणि ते आम्हांस मान्यच आहे. परंतु सकाळ-संध्याकाळ दोन वट्या देऊन अस्थीची दैनंदिन गरज भागली असे समजणे हे अंकगणितात बसत नाही. उलट १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, त्याच वजनाच्या दुधात १२० च्या आसपास. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी या भागातील स्वयंपाकघरात आधीच आहे. ती उपवासाच्या वारांनी कमी होते तेवढीच.

अस्थिशृंखला, म्हणजे आपली कांडवेल, लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, पंचतिक्तघृत हे अनुभवसिद्ध योग आहेत. अस्थिगत व्याधीत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांच्या बस्तीचा निर्देश चरकांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात केला आहे. पुरीषधरा कला व अस्थी यांचा संबंध पाहता त्यामागील विचारही कळतो. वेदना, बल, निद्रा यांवर या चिकित्सेचा गुण आम्ही पाहतो. परंतु यांपैकी कोणत्याही योगाने खुब्याचे वा मणक्याचे भंग घटल्याचे मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेले नाही. म्हणून उणे २.५ च्या खाली गेलेली वा अस्थिभंग झालेली रुग्णा केवळ आपल्या औषधांवर ठेवू नये. तज्ज्ञाकडे पाठवावी आणि आपली चिकित्सा जोडीने द्यावी.

सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असलेली स्त्री ‘आता आयुर्वेदिकच घेते’ म्हणून आली तर विशेष सावध राहावे. हे इंजेक्शन मध्येच सोडल्यास अस्थिक्षय वेगाने उसळतो आणि एकापाठोपाठ एक मणके दबल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. त्याच्या जागी दुसरे औषध योजल्याविना ते थांबवू नये, आणि तो निर्णय मूळ तज्ज्ञानेच घ्यावा. मणका दबल्याचा संशय असताना पाठ ‘बसवून’ देणे, झटका देणे, जोराचे मर्दन हे सर्वथा वर्ज्य.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी तीन गोष्टी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीस कॅल्शियम वा शंखभस्मादी कल्प त्यानंतर चार तासांनी घेण्यास सांगावे, अन्यथा गोळीचे शोषण घटते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणानंतर घ्यावे, आणि अश्मरीचा पूर्वेतिहास असल्यास चिकित्सकास विचारल्याविना देऊ नये. तिसरी गोष्ट कटू आहे. सांधेदुखीवर दोन दिवसांत उतार देणाऱ्या, लेबलावर घटकद्रव्ये नसलेल्या पुड्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जातात आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी आढळले आहे. ज्या स्त्रीला आपण एका हाताने कॅल्शियम देतो तिच्याच अस्थी दुसऱ्या हाताने अशी पुडी पोखरते. ज्या उत्पादकाचा परवाना क्रमांक वेष्टनावर नाही त्याची पुडी फळीवर नसावी. चेहरा गोल झालेली, त्वचेवर सहज निळे डाग पडणारी रुग्णा दिसली तर ‘कुठली पुडी घेता?’ असे विचारावे. ती आढळल्यास एकाएकी थांबवू नये, चिकित्सकाच्या देखरेखीखालीच कमी करावी.

शिबिर घ्यावयाचेच असेल तर ते जरूर घ्यावे, स्त्रिया त्यानिमित्ताने येतात. टाचेच्या यंत्राआधी वजनकाटा व उंचीची पट्टी ठेवावी आणि वर दिलेले प्रश्न एका कागदावर छापून भरून घ्यावेत. यंत्राचा आकडा त्या कागदाच्या तळाशी लिहावा. ज्यांच्या उत्तरांत जोखीम दिसते त्यांची वेगळी यादी करावी, पट्टीचा रंग कोणताही असो. त्यांना डेक्सासाठी लिहिलेल्या चिठ्ठीवर वय, वजन, उंची, रजोनिवृत्तीचे वर्ष, बीजकोशांची स्थिती आणि पूर्वीचे अस्थिभंग एवढे असले म्हणजे पुढील तज्ज्ञाचे निम्मे काम होते. शिबिराच्या टेबलावर विक्रीसाठी काहीही मांडू नये.